ज्युपिटर-८ चा फोकस मागे जात होता : माझा अनुभव

हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावात डिजिटल लायका कॅमेऱ्यावर जुनी ५० मिमी ज्युपिटर-८ लेन्स लावून एफ/२ वर (छिद्र पूर्ण उघडे ठेवून) फोटो काढला, की रेंजफाइंडरमध्ये (दोन प्रतिमा जुळवून फोकस करायच्या खिडकीत) मावशींच्या नथीवर प्रतिमा नेमकी जुळलेली दिसे, पण फोटोत मागच्या टोपलीतील सुरमईच स्पष्ट येई. लेन्स कॅमेऱ्याला जोडणारा अडॅप्टर बदलूनही फरक पडेना. जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

कारण असे, की नावाला ५० मिमी असली तरी ही सोव्हिएत लेन्स कॉन्टॅक्स या जर्मन कॅमेऱ्याच्या ५२.४ मिमी नाभीय अंतराच्या मापाची आहे आणि लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मिमी धरून चालतो, त्यामुळे जवळच्या अंतरावर लेन्स सुमारे ०.१ मिमी कमी पुढे सरकते आणि फोकस मागे पडतो.

प्रथम १ मीटरवर तिरकी पट्टी ठेवून चूक मोजली. मग पुढचा भिंगसंच उलटा फिरवून काढला, मूळ वॉशरवर ०.१ मिमी पितळी पत्र्याची कडी ठेवली, म्हणजे भिंगे तेवढी पुढे आली, संच परत आवळला आणि पट्टीवर पुन्हा तपासले. (हे काम कोरड्या दिवशीच करावे, पावसाळी दमट हवेत भिंगांना बुरशी धरते.) आता नथ लख्ख येते, भिंगे पुढे आल्याने क्षितिजावरच्या होड्यांसाठी मात्र छिद्र लहान करून एफ/५.६ ठेवावे लागते.