ताण की बर्नआउट? रजेवरून परतलेल्या माणसाकडे बघा

वॉर्डची इन्चार्ज म्हणून ड्युट्या लावण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. कोण नुसतं ताणाने थकलंय आणि कोण आतून संपत चाललंय, म्हणजे बर्नआउटमध्ये आहे, हे ओळखल्याशिवाय ड्युटी लावताच येत नाही. दोन्हीकडची माणसं एकच वाक्य बोलतात, "सिस्टर, आता होत नाही." उपाय मात्र वेगवेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर हातची वेळ निघून जाते. ऑफिसात, कारखान्यात, शाळेत काम करणाऱ्यांनाही हे तितकंच लागू आहे.

आधी ताण. ताणात माणूस कामाला धरून असतो. कामं जास्त, वेळ कमी. चिडचिड होते, नाडी वाढते, खांदे आखडतात, रात्री पडल्या पडल्या उद्याची यादी डोक्यात सुरू होते. अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं आपलं काम करत असतात. पण एवढं हातावेगळं झालं की मोकळं होऊ, असं मनात कुठेतरी पक्कं असतं. आणि बहुतेक वेळा होतोही.

बर्नआउटमध्ये ती आशाच उरत नाही. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली याविषयी लिहिलं, तेव्हा त्यांच्यासमोर मोफत दवाखान्यात जीव ओतून काम करणारी माणसं होती. आजही आधी तीच सापडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात (ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं) बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न आवरल्यामुळे येणारी अवस्था म्हणून आहे. खुणा तीन: शक्ती पार संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं.

यातली मधली खूण सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच सगळ्यात उशिरा लक्षात येते. आमच्याकडे एक तरुण सिस्टर होती. तिच्या हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी संपताना पुढच्या सिस्टरला द्यायच्या माहितीत, औषधांच्या वेळांबरोबर आणखीही काही असायचं: या आजींना दिवा बंद लागतो, त्या काकांचा मुलगा आज आला नाही, जरा बोला त्यांच्याशी. हळूहळू ते बंद झालं. चार्ट चोख, इंजेक्शन वेळेवर, चूक एकही नाही. पण नातेवाईक काही विचारायला आले की मान वर न करता, "डॉक्टरांना विचारा." वरिष्ठांना वाटलं, आता सरावली, छान काम करते. मला काळजी वाटली ती त्याच दिवसांत. जो माणूस चिडतोय, भांडतोय, त्याला कामाचं अजून काही वाटतंय. जो गप्पपणे फक्त उरकतोय, त्याच्याकडे आधी बघावं.

ओळखायची माझी पद्धत साधी आहे. रजेवरून परतल्यावर माणूस कसा असतो ते बघा. नुसता ताण असेल तर दोन-चार दिवसांच्या झोपेने चेहरा खुलतो, माणूस आपणहून बोलू लागतो. बर्नआउटमध्ये रजेच्या शेवटच्या संध्याकाळीच छातीवर दडपण येतं आणि कामावर पहिल्या तासातच रजा घेतली होती की नाही असं होतं. स्वतःच्या बाबतीतही हेच तपासा.

ताण साचू नये म्हणून

निघण्याआधी दहा मिनिटं राखून ठेवा. काय राहिलं, ते कोण करणार, उद्या पहिलं काम कोणतं, हे कागदावर लिहा. आमच्याकडे हँडओव्हरशिवाय कोणी घरी जात नाही; इतर ठिकाणी स्वतःला स्वतःचा हँडओव्हर द्यायचा. लिहून ठेवलेलं काम घरी पुन्हा पुन्हा आठवत नाही. कामाचे मेसेज घरी बघायचे नाहीत, आणि खरोखर तातडीचं असेल तर फोन करा, असं सहकाऱ्यांना सांगून ठेवायचं.

काम जास्त झालं की "मला झेपत नाही" एवढंच सांगून थांबू नका, कारण त्यावर वरिष्ठांना धीर देण्यापलीकडे काही करता येत नाही. यादी घेऊन जा: "ही पाच कामं आहेत, या आठवड्यात तीन नीट होतील. कोणती दोन मागे ठेवू?" मग निर्णय त्यांना घ्यावा लागतो, आणि तो त्यांचाच असायला हवा.

तासांचं गणित मात्र कोणालाच चुकवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. युरोपीय संघाच्या नियमात दर २४ तासांत सलग ११ तास विश्रांती आहे. रात्री उशिरा सुटलेल्या माणसाला सकाळच्या पाळीला मी लावत नाही, ते याचसाठी.

बर्नआउट टाळायचं असेल तर कामालाच हात घाला

प्राणायाम, चालणं, छंद यांचा ताणात उपयोग होतो, मी स्वतः करते. पण ज्या कामाने माणूस संपतोय ते काम तसंच ठेवून त्याला ध्यानाच्या वर्गाला पाठवणं मला पटत नाही. ख्रिस्टिना मॅस्लाक आणि मायकेल लायटर या संशोधकांनी कामातल्या सहा जागा दाखवल्या आहेत: कामाचा भार, आपल्या हातातले निर्णय, कदर, सोबतची माणसं, न्याय आणि मूल्यं. नेमकं यातलं काय खुपतंय ते आधी शोधा. बरेच जण भारावर बोट ठेवतात, आणि जरा बोलतं केलं की निघतो अन्याय. रात्रपाळ्या नेहमी ठरावीक माणसांनाच, सणाची सुट्टी नेहमी ठरावीक माणसांनाच. तेवढ्याच पाळ्या, पण सगळ्यांना दिसेल अशा लावल्या आणि महिनाभर आधी सांगितल्या, की तक्रारीचा सूरच बदलतो.

त्या सिस्टरच्या बाबतीत खुपत होती शेवटची जागा, मूल्यांची. तिला माणसांशी बोलायचं होतं आणि दिवस फॉर्म भरण्यात जात होता. कागदाचं काम वाटून टाकलं, नव्या मुलींना शिकवायचं काम तिच्याकडे दिलं. लगेच फरक पडला नाही, महिने लागले. बर्नआउटमधून परतायला एवढा वेळ लागतो हे घरच्यांनीही धरून चालावं, आणि पुन्हा कामावर येताना पहिल्या दिवसापासून पूर्ण भार घेऊ नये.

एक गोष्ट नर्स म्हणून सांगते. सततचा थकवा थायरॉईडमुळे किंवा रक्त कमी असल्यामुळेही येतो, तेव्हा तपासणी करून घ्या. कामाबाहेरचंही काही गोड लागत नसेल, मुलं, मित्र, जेवण, कशातच मन नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. जगणंच नको असे विचार येत असतील तर रजेची, कामाची कसलीही वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि जाताना कोणाला तरी सोबत घ्या.