स्वप्नातली पंगत मांडताना या चुका टाळा

इतिहासातले चार-पाच पाहुणे मनातल्या मनात जेवायला बोलवावेत आणि त्यांच्यासाठी बेत ठरवावा, हा खेळ आमच्या वाचनकट्ट्यावर दर दिवाळीत रंगतो. याद्या तपासण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे त्याच त्या चुका वाचून मी आता कंटाळले आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पाहुण्याचे नाव लिहायचे, पण साल लिहायचे नाही. मागच्या दिवाळीत एका उत्साही तरुणाने गांधीजींना रात्री नऊ वाजता पुरणपोळीच्या भरल्या ताटावर बसवले. ताटात कटाची आमटी, दोन भाज्या, भजी, कोशिंबीर, पापड, मसालेभात, सारे काही होते. आमच्याकडे यादी वाचली जात असताना एकेक जण एकेका पाहुण्याच्या वतीने बोलतो. गांधीजींच्या वतीने बसलेल्या निवृत्त शिक्षकांनी ताटाकडे पाहून बोटे मोजायला सुरुवात केली : गहू, हरभऱ्याची डाळ, गूळ, जायफळ, तूप. पोळीतच पाच वस्तू संपल्या, आणि अंधार तर केव्हाच पडला होता. १९१५ साली हरद्वारच्या कुंभमेळ्यात गांधीजींनी दोन व्रते घेतली होती : चोवीस तासांत पाचांहून अधिक खाद्यवस्तू घ्यायच्या नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवायचे नाही. या व्रतामागे पाहुणचाराचाच अनुभव होता. कोलकात्यात भूपेंद्रनाथ बसू यांच्या घरी ते उतरले असताना त्यांच्यासाठी बाजारात मिळतील ती सारी फळे आणि सुका मेवा आणला गेला आणि घरातल्या बायका रात्रभर जागून मेवा सोलत बसल्या. आपल्यापायी यजमानांना एवढा त्रास होतो, हे त्यांना सहन झाले नव्हते. म्हणजे त्या तरुणाने नेमका तोच थाट मांडला होता, ज्याला कंटाळून पाहुण्याने व्रत घेतले.

यावर त्याचे उत्तर ठरलेले होते : ‘कल्पनाच तर आहे, एवढे काय?’ हे उत्तर मला दर वर्षी ऐकावे लागते, आणि ते नेहमी अशाच माणसाकडून येते ज्याने पाहुण्याविषयी एक पानही वाचलेले नसते. त्याला गांधीजीच हवे असतील, तर १८८८ ते १८९१ या काळात लंडनमध्ये शाकाहारी खाणावळी शोधत पायपीट करणारा विद्यार्थी बोलवावा. रात्रीचे जेवणही चालेल आणि पाहुणा पोटभर जेवेलही. माझी स्वतःची सवय अशी आहे की नावाशेजारी कंसात साल लिहिल्याखेरीज मी बेताचा पहिला पदार्थसुद्धा ठरवत नाही.

टिळक आणि आगरकर यांना शेजारी बसवणाऱ्यांनीही हीच सवय लावून घ्यावी. १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र काढून बाहेर पडलेले दोन मित्र आणि आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढल्यानंतरचे दोन विरोधक, यांना एकाच पंगतीचा बेत चालणार नाही. दुसऱ्या जोडीसाठी मधल्या पाटावर कोणाला बसवायचे, याचा विचार भाज्यांच्या आधी करावा लागतो. त्यातही १८९० नंतरचे टिळक बोलवणार असाल, तर चहाबिस्किटे जपून ठेवा. त्या वर्षी पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली. रानडे आणि टिळक दोघेही तिथे होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेल्याला हात लावला. पुढे हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य म्हणजे जातीतला बहिष्काराचा वाद, शंकराचार्यांपुढची चौकशी, प्रायश्चित्त असे ते प्रकरण लांबत गेले. आपल्याकडे पंगत ही कधीच नुसती जेवणाची गोष्ट नव्हती, आणि हे ज्याला ठाऊक नाही त्याची यादी म्हणजे पुतळ्यांना हार घालण्याचा कार्यक्रम होतो.

दुसरी माझी खास नावडती चूक बेताची आहे. ज्ञानेश्वरांना एकादशीला साबुदाण्याची खिचडी वाढणारे प्रत्येक दिवाळीत भेटतात. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली. खिचडीतली मिरची, शेंगदाणे आणि बटाटा ही तिन्ही अमेरिका खंडातून आलेली पिके असून, पोर्तुगीज या किनाऱ्यावर आले ते १४९८ मध्ये. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओकाही तिकडचाच, आणि तमिळनाडूत सेलमकडचा साबुदाण्याचा धंदा तर १९४० च्या दशकातला आहे. मोबाइलवर ‘उपवासाचे पदार्थ’ शोधून पहिली चार नावे उतरवली की असे होते. तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले होते, आंबटाला चिंच होती, गोडाला गूळ होता. खरे तर इतके शोधण्याचीही गरज नाही, कारण मुक्ताबाईंनी ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची आख्यायिका घरोघरी सांगितली जाते. खापरावर भाजलेले मांडे हा त्या पंगतीचा बेत आयताच हातात असताना खिचडी कशाला? ज्यांना राजेशाही बेत हवा असेल त्यांनी चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’तला अन्नभोगाचा भाग पाहावा. तो बाराव्या शतकातला आहे आणि त्यात मांड्यांपासून मांसापर्यंत सारे आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. पाच पाहुण्यांपैकी पाचही वक्ते असू नयेत, निदान एक जण ऐकणारा हवा. सहाच्या वर पाहुणे बोलवू नयेत, कारण मग दोन पंगती होतात आणि चांगले बोलणे नेहमी दुसऱ्या पंगतीत होते. सावित्रीबाईंना निमंत्रण देऊन भाकऱ्या थापायला बसवू नये. हसू नका, अशा याद्या खरोखर येतात.

आणि सगळीच नावे चौकाचौकांतल्या पाट्यांवरची नसावीत. शाहू महाराजांना बोलवणारे पुष्कळ असतात, गंगाराम कांबळे कोणाला आठवत नाहीत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या या माणसाला महाराजांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढून दिले, स्वतः तिथे थांबून चहा घेतला आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावला. या दोघांना एकत्र बोलवायचे असेल, तर यजमानपण कांबळ्यांकडे द्यावे, आपण चहा घेणाऱ्यांच्या बाजूला बसावे आणि तांबडा-पांढरा रश्शाचा हट्ट सोडून द्यावा.