जोडीचे ॲक्रोबॅटिक्स : पहिला ‘बर्ड’ कसा उभारावा

स्पर्धेतील ॲक्रोबॅटिक जिम्नॅस्टिक्समध्ये जोड्यांबरोबर महिलांचा गट तिघींचा आणि पुरुषांचा चौघांचा असतो. ‘बर्ड’ म्हणजे एकाच्या उचललेल्या पायांवर दुसऱ्याने पक्ष्यासारखे आडवे तरंगणे; बागेतील हिरवळीवर हौसेने हे खेळायला मात्र तिघे पुरतात : पाठीवर झोपून भार पेलणारा बेस, त्याच्या पायांवर आडवा होणारा फ्लायर आणि बाजूला उभा राहून सांभाळणारा स्पॉटर. फोटो काढणारा मित्र म्हणजे स्पॉटर नव्हे; खरा स्पॉटर नसेल, तर त्या दिवशी हा खेळ करू नये.

सपाट जागी मॅट अंथरावी, सतरंजी नको, कारण ती सरकते. घड्याळ, अंगठ्या आणि कमरेचा पट्टा काढून ठेवावा. पट्ट्याचे बक्कल नेमके बेसच्या पायाच्या तळव्याखाली येते. मान, पाठ किंवा मनगटाचे दुखणे असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

बेसने पाठीवर झोपावे आणि फ्लायरने त्याच्या पायांपाशी, त्याच्याकडे तोंड करून उभे राहावे. बेसने गुडघे वाकवून आपले तळवे फ्लायरच्या कमरेच्या पुढील बाजूस हाताला लागणाऱ्या दोन हाडांवर टेकवावेत, बोटे किंचित बाहेर वळलेली असावीत. तळवे पोटावर चढले तर फ्लायरचा श्वास कोंडतो आणि मांड्यांवर घसरले तर तो डोक्याकडून खाली झुकतो, म्हणून इथे दोन मिनिटे जास्त गेली तरी चालतील. मग दोघांनी एकमेकांचे हात धरावेत. फ्लायरने अंग फळीसारखे ताठ ठेवून नुसते पुढे झुकावे. उडी मारू नये. वजन पायांवर आले की बेसने पाय सावकाश सरळ करावेत, टाचा खुब्यांच्या बरोबर वर येतील असे. सरळ पायांतून वजन हाडांमार्गे जमिनीत उतरते, पण गुडघे अर्धवट वाकलेले राहिले तर ते सगळे मांड्यांच्या स्नायूंना पेलावे लागते आणि पाय थरथरू लागतात. फ्लायरने छाती उचलून नजर समोर ठेवावी. हात सोडण्याची घाई पहिल्या दिवशी करू नये.

स्पॉटरने फ्लायरच्या बाजूला हातभर अंतरावर राहावे, नजर त्याच्यावरच ठेवावी आणि तोल गेलाच तर प्रथम त्याचे डोके आणि मान वाचवावी.

माझ्या मते वर जाण्याआधी उतरण्याचा सराव करावा. गोविंदा पथकांतही थर लावण्याइतकेच थर नीट उतरवणे महत्त्वाचे असते. तिघांपैकी कोणीही ‘खाली’ म्हटले, की कारण न विचारता बेसने गुडघे वाकवावेत आणि फ्लायरचे पाय जमिनीला टेकेपर्यंत त्याचे हात सोडू नयेत. पाय पूर्ण सरळ न करता, अर्ध्या उंचीवरूनच हे आठ-दहा वेळा करावे.

त्यानंतर भूमिका बदलाव्यात. सारखे सांगूनही उडी मारणाऱ्या फ्लायरला एकदा बेस म्हणून झोपवले, की पायांवर आदळणारे वजन काय असते ते त्याला कळते आणि पुढच्या खेपेस तो आपोआप झुकूनच येतो.