श्रेढीची बेरीज चुकते कुठे? या चुका टाळा

अंकगणिती श्रेढी म्हणजे संख्यांची अशी रांग, जिच्यात लागोपाठच्या दोन संख्यांतला (पदांतला) फरक समान असतो; हाच सामान्य फरक. तिच्या बेरजेचे सूत्र, पदसंख्या × (पहिले + शेवटचे पद) भागिले २, दहावीला बहुतेकांचे पाठ असते. चुकते ती पदसंख्या. त्यामुळे आधी पदे मोजा, मग सूत्राकडे वळा.

२५ ते ७५ या सर्व संख्यांची बेरीज घ्या. ७५ मधून २५ वजा करून ५० पदे धरली जातात. पण वजाबाकीने मिळतात ती पदांमधली अंतरे. पदे त्याहून एकाने जास्त असतात. ५ तारखेपासून १२ तारखेपर्यंतची रजा ८ दिवसांची होते, तसेच हे. पदे ५१, सरासरी ५०, बेरीज २५५०. चुकून ५० पदे धरली तर २५०० येतात आणि इतके गोल उत्तर पाहून शंकाही येत नाही.

‘१०० ते ३०० मधील ७ ने भाग जाणाऱ्या संख्या’ असे विचारले की काहीजण पहिले पद १०० घेतात. १०० ला ७ ने भाग जात नाही, ३०० लाही नाही. पहिले पद १०५, शेवटचे २९४. फरक १८९, भागिले ७ म्हणजे २७, अधिक १ म्हणजे २८ पदे. बेरीज २८ × (१०५ + २९४) भागिले २, म्हणजे १४ × ३९९ = ५५८६.

उतरत्या श्रेढीत सामान्य फरकाचे ऋण चिन्ह विसरले जाते. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे रवे रचले आहेत असे समजा: तळाच्या ओळीत २४, वरच्या प्रत्येक ओळीत २ कमी. १० ओळींत किती? फरक −२ घेतला तर दहावी ओळ २४ − १८ = ६ ची, म्हणून बेरीज ५ × (२४ + ६) = १५०. तो +२ घेतला तर ३३० येतात. तळाची ओळ सर्वांत मोठी, तीही फक्त २४ ची, म्हणजे १० ओळींत २४० पेक्षा जास्त रवे असूच शकत नाहीत. एवढा अंदाज घेतला तरी चूक लगेच सापडते.

हेच उदाहरण उलटे विचारले, की १५० रवे किती ओळींत, तर वर्गसमीकरणातून १० आणि १५ अशी दोन उत्तरे येतात. इथे गोंधळून एक उत्तर डोळे झाकून खोडू नका. अकराव्या पदापासून पंधराव्यापर्यंत ४, २, ०, −२, −४ अशी पदे आहेत; त्यांची बेरीज शून्य, म्हणून १५ पदांचीही बेरीज १५० च. नुसती श्रेढी दिली असेल तर दोन्ही उत्तरे बरोबर. रव्यांची ओळ मात्र उणे असत नाही, म्हणून तिथे १०. उत्तर का सोडले, ते एका वाक्यात लिहाच.

१ ते १० च्या वर्गांना हे सूत्र लावू नका. १, ४, ९ यांत फरक समान नाही. सूत्र लावले तर ५०५ येतात, खरी बेरीज ३८५. वर्गांचा नियम निराळा आहे: १० × ११ × २१ भागिले ६. तो आर्यभटाने इ.स. ४९९ मध्येच सांगितला होता.

शेवटी एक तपासणी, जी फारशी कुणी करत नाही. पूर्णांकांच्या श्रेढीत पदसंख्या × (पहिले + शेवटचे पद) हा गुणाकार नेहमी समच येतो. वरच्या ७ च्या उदाहरणात २७ पदे धरली तर २७ × ३९९ = १०७७३, विषम; पद सुटले आहे हे तिथेच कळते. मात्र २५ ते ७५ मध्ये ५० × १०० समच येतो आणि चूक निसटते. तिथे पदे मोजण्याला पर्याय नाही.