मोबाइलवरच्या दोन फोटोंतून थ्रीडी चित्र: फरक किती ठेवायचा?

दोन डोळ्यांत सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला दृश्य किंचित वेगळं दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू खोली ताडतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली दाखवून दिलं. लाल-सियान (निळसर हिरव्या) काचांच्या चष्म्यातून बघायचं थ्रीडी चित्र करताना सगळी मेख याच फरकात आहे.

एक फोटो काढा, मग मोबाइल आडवा सरकवून दुसरा काढा. सर्वांत जवळची वस्तू जितक्या अंतरावर, त्याच्या तिसाव्या भागाइतका सरकवा: २ मीटरला साधारण साडेसहा सेंटिमीटर, ६० सेंटिमीटरला फक्त २. टेबलावर पट्टी चिकटवून तिच्या कडेने सरकवलात तर उत्तम. मोबाइल वस्तूकडे वळवू मात्र नका. वळला की कोपऱ्यांत वर-खाली फरक पडतो आणि तो डोळ्यांना मुळीच सोसत नाही. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. हलणारी पानं, माणसं टाळा.

गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये डावा फोटो खालच्या लेयरवर (थरावर), उजवा वर, ५० टक्के ओपॅसिटीने (म्हणजे अर्धपारदर्शक). आधी वर-खाली जुळवा, गरज पडल्यास किंचित फिरवा. मग जवळची वस्तू एकावर एक येईपर्यंत उजवा फोटो उजवीकडे सरकवा. म्हणजे सारं दृश्य पडद्यामागे जातं. कडा कापा, ओपॅसिटी १०० करा. लेव्हल्स या साधनात उजव्याच्या लाल चॅनेलचं (रंगघटकाचं) कमाल आउटपुट शून्य, डाव्याच्या हिरव्या-निळ्याचं शून्य, आणि वरच्या लेयरचा मोड ॲडिशन. चष्म्याची लाल काच डाव्या डोळ्यावर. उलटी झाली तर जवळचं लांब भासतं.

आता पडदा. मोबाइलच्या नेहमीच्या वाइड लेन्सने एवढं सरकवल्यावर दूरच्या डोंगराच्या दोन प्रतिमांत चित्राच्या रुंदीच्या सुमारे २.४ टक्के अंतर पडतं. ५० सेंटिमीटरच्या मॉनिटरवर ते १.२ सेंटिमीटर, म्हणजे आरामात. तेच चित्र ३ मीटरच्या पडद्यावर टाकलं की ७ सेंटिमीटर! डोळ्यांना बाहेरच्या बाजूला फाकावं लागतं आणि डोकं धरतं. प्रोजेक्टरसाठी फोटो काढतानाच निम्मं सरकवा. लहान मुलं बघणार असतील तर आणखी कमी, कारण त्यांच्या डोळ्यांतलं अंतरही कमी असतं.

भडक लाल साडी डाव्या डोळ्याला उजळ, उजव्याला काळी दिसते आणि लुकलुकते. चॅनेल काढण्यापूर्वी डावा फोटो कृष्णधवल करा. काळ्यावर पांढऱ्या कडांना भूत (दुसरी फिकट प्रतिमा) दिसत असेल तर कॉन्ट्रास्ट उतरवा. सेव्ह पीएनजीतच करा. जेपेग रंगांचा तपशील कमी करतं, आणि इथे तर डावं-उजवं रंगावरच वेगळं होतं. व्हॉट्सॲपवर पाठवायचं झालं तर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.