एरियातला मोकळा प्लॉट वाचवायचाय? आधी कागद काढा

क्लायमेट चेंज म्हटलं की आपल्याकडे लोक लगेच रोपं घेऊन फोटोला उभे राहतात, रोपं मे महिन्यात वाळून जातात आणि बाजूचाच मोकळा प्लॉट कधी पत्र्याच्या आड गेला ते कोणाच्या लक्षातही येत नाही. माझं मत विचाराल तर मुंबईत रोपं लावण्याआधीचं काम म्हणजे उघडी जमीन उघडी ठेवणं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला हे सगळ्यांना पाठ आहे, पण साध्या जोरदार पावसातही मोठी भरती असली की नाल्यांचं पाणी समुद्र आत घेत नाही, मग ते थोडंफार जिरणार कुठे तर मातीत, आणि मातीवर आपण पेव्हर ब्लॉक बसवून ठेवलेत.

तर पहिलं काम म्हणजे प्लॉटचा सीटीएस नंबर, म्हणजे शहराच्या जमीन-मोजणीतला त्या जागेचा नंबर, शोधा. कधी बोर्डावर असतो, नाहीतर शेजारच्या सोसायटीच्या जुन्या मंडळींना विचारा, त्यांना बरोब्बर माहीत असतं. नंबर मिळाला की प्रॉपर्टी कार्ड काढा म्हणजे मालक कोण ते कळेल, आणि मग पालिकेच्या वेबसाइटवरून डीपी रिमार्क, म्हणजे शहराच्या डेव्हलपमेंट प्लॅनमध्ये ती जागा कशासाठी दाखवलीय त्याचा कागद. हा कागद नीट वाचा, घाई नको. डेव्हलपमेंट प्लॅन २०३४ मध्ये त्या जागेवर गार्डनचं रिझर्वेशन (म्हणजे त्या कामासाठी राखून ठेवलेली जागा) आहे की प्लेग्राउंडचं, की नॅचरल एरिया दाखवलाय, की काहीच नाही, यावर तुमची पुढची सगळी लढाई ठरते. रिझर्वेशन असेल तर तुमची बाजू भक्कम, नसेल तर मालकाला बांधायचा हक्क असू शकतो आणि तिथे नुसती आरडाओरड करून उपयोग नाही, निदान झाडं आणि नाल्याकाठची पट्टी वाचते का ते बघा.

रिझर्वेशन सहसा गुपचूप उठत नाही. प्लॅनमध्ये ते बदलायचं तर एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस काढावी लागते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. गंमत अशी की ती नोटीस पेपरात अशा बारीक टायपात येते की हरवले-सापडले सुद्धा त्यापेक्षा मोठं वाटावं, त्यामुळे एरियातल्या एखाद्या रिटायर्ड काकांना रोज तेवढंच पान बघायचं काम द्या, ते आनंदाने करतात. हरकत एका पानाचीच लिहा. सीटीएस नंबर, आत्ताचं रिझर्वेशन, काय बदलतायत, पावसात तिथे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, बस्स. शंभर सह्यांच्या एका पत्रापेक्षा वेगवेगळ्या लोकांची वेगवेगळी पत्रं चांगली, आणि प्रत्येकाची पोच शिक्क्यासकट घ्याच, पोच नाही म्हणजे पत्र दिलंच नाही असं समजा.

माहिती अडली तर आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, टाका, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "का परवानगी दिली?" असं विचारू नका, त्याला गोल गोल उत्तर येतं. "अमुक सीटीएसवरच्या परवानगीची आणि नकाशाची प्रत द्या" असं विचारा.

खाडीकाठी राहत असाल, म्हणजे गोराई, चारकोप, मुलुंड, विक्रोळी वगैरे, तर तुमच्याकडे तिवरं, म्हणजे खाऱ्या पाण्यातली कांदळवनाची झाडं (मॅन्ग्रोव्ह), आहेत आणि तिथला प्रकार वेगळा. तिवरं कोणी एका रात्रीत कापत नाही, आधी डंपरने डेब्रिज, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, टाकून एक छोटा बांध होतो, भरतीचं पाणी आत येणं थांबतं, चिखलातून वर आलेली श्वासमुळं सुकतात, पानं पिवळी पडतात आणि मग "इथे कुठे कांदळवन आहे?" असं म्हणायला लोक मोकळे. म्हणून फोटो काढायचा तो बांधाचा. एकाच जागेवरून भरतीला एक आणि ओहोटीला एक, तारीख आणि लोकेशन दिसेल असा. मुंबई हायकोर्टाच्या २०१८ च्या निकालात तिवरं तोडायला बंदी आहे आणि भोवती ५० मीटरचा बफर झोन, म्हणजे मोकळा ठेवायचा पट्टा, आहे, तक्रारीत हे लिहा आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाला पाठवा. तिवरांच्या चिखलात ऑक्सिजन कमी म्हणून पालापाचोळा हळू कुजतो आणि कार्बन तिथेच अडकून राहतो, भराव टाकला की नुसती झाडं जात नाहीत तर हा साठाही बिघडतो.

आणि जागेची वाट लागली म्हणजे ती गेलीच असंही नाही. धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे एकेकाळचं कचऱ्याचं डंपिंग ग्राउंड, आज ३७ एकरांवर झाडी आहे. त्यामुळे "तिथे कचराच पडतो, बिल्डिंग झालेली बरी" हे ऐकलं की उदाहरण तोंडावर फेका.

झाडांवर ती तोडायची नोटीस चिकटलेली दिसली तर फोटो काढून लगेच वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात लेखी हरकत द्या, मुदत थोड्याच दिवसांची असते.

सोसायटीत मात्र कोर्टकचेरी लागत नाही, फक्त मीटिंगमध्ये भांडायची तयारी हवी कारण विषय पार्किंगचा येतोच. खोडाभोवतीचं सिमेंट मीटरभर फोडा, पण हाताने, ब्रेकर मुळं तोडतो. कंपाउंडचा उतार ज्या कोपऱ्यात जातो तिथले पेव्हर काढून माती मोकळी करा, त्यात पालापाचोळा टाका, जाळू नका. लावायचंच असेल तर पहिला पाऊस झाल्यावर करंज, ताम्हण, बहावा, कदंब असलं इथलं काहीतरी, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार त्याचं नाव मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहून घ्या.