अनोळखी मेल उघडावाच लागतो तेव्हा : विद्यापीठातले संगणक असे जपा

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा कारभार राज्यभर पसरलेला आहे. अशा ठिकाणी 'अनोळखी मेल उघडू नका' हा सल्ला कामाचा नाही. अभ्यासकेंद्रांचे, महाविद्यालयांचे मेल उघडणं हेच तर काम. म्हणून ते उघडण्याची रीत पक्की हवी.

आधी फाइलचं पूर्ण नाव दिसू द्या. विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं, लपवतं, त्यामुळे 'हॉलतिकीट यादी.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल 'हॉलतिकीट यादी.पीडीएफ' अशी दिसते, वर आयकॉनही पीडीएफचाच असतो. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. शेवटी ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस किंवा एलएनके असेल तर ती उघडताच एखादा प्रोग्रॅम चालू करू शकणारी फाइल आहे, उघडू नका. आयटी विभागाला कळवा. पासवर्ड लावलेली झिप आली आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये असेल, तर संशय घ्या. कुलूपबंद फाइलच्या आत मेल सर्व्हरच्या अँटिव्हायरसला पाहता येत नाही, म्हणूनच ही युक्ती वापरतात. वर्ड किंवा एक्सेलची फाइल 'एनेबल कन्टेन्ट' दाबायला सांगत असेल, तर दाबू नका. त्याने फाइलमधला मॅक्रो, म्हणजे आत दडवलेला छोटा प्रोग्रॅम, चालू होतो, आणि यादी वाचायला मॅक्रो लागत नाही. शंका आली की केंद्राला फोन करा, पण नंबर कार्यालयाच्या यादीतला घ्या. मेलखाली दिलेला नको.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी एसपीएफ (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासण्यांत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं तो नियम) ही तिन्ही लावावीत, म्हणजे विद्यापीठाच्या नावाने खोटे मेल पाठवणं अवघड होतं. डीमार्क एकदम 'रिजेक्ट'वर, म्हणजे न बसणारा मेल नाकारण्यावर, नेऊ नका. आधी 'नन'वर, म्हणजे काही न अडवता फक्त अहवाल घेण्यावर, ठेवून काही आठवडे अहवाल वाचा. निकालाचे मेल पाठवणारी बाहेरची एजन्सी एसपीएफमध्ये घालायची राहून जाते, आणि ऐन परीक्षेत खरे मेल स्पॅममध्ये पडतात. एसपीएफ तपासताना डीएनएसच्या (इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीच्या) १० लुकअपची, म्हणजे १० वेळा नोंद पाहण्याची, मर्यादा असते. ती ओलांडली तर तपासणीच फसते.

झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेनड्राइव्ह आधी स्कॅन करा. फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसले तर त्यांवर क्लिक नको आणि घाईने फॉरमॅटही नको. बहुतेक वेळा मूळ फाइली तिथेच लपवलेल्या असतात. व्हायरस काढल्यावर 'हिडन आयटम्स' चालू करा. तरी दिसल्या नाहीत तर सिस्टिम फाइली लपवण्याची खूणही काढा.

लॅबमधल्या मशीनवर विद्यार्थ्यांना अॅडमिन खातं (काहीही इन्स्टॉल करण्याचे पूर्ण अधिकार असलेलं) देऊ नका. अपडेट टाळू नका : मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम (रॅन्समवेअर) पसरला, त्याला अडवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मार्चमध्येच आला होता. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुन्या मशीनचा निर्णय घ्याच.

फाइलींची नावं आपोआप बदलायला लागली, तर असंच रॅन्समवेअर फाइली लॉक करत असण्याची शक्यता असते; पहिल्यांदा लॅनची वायर उपसा आणि वायफाय बंद करा. मशीन मात्र चालू राहू द्या, मेमरीतला पुरावा तपासाला लागतो. बॅकअपची हार्डडिस्क चुकूनही जोडू नका, तीही लॉक होईल. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला. सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला) ६ तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. बॅकअपची एक प्रत कायम नेटवर्कबाहेर, कपाटात ठेवा आणि दर महिन्याला तिच्यातली एखादी गुणपत्रिका उघडून पाहा.